यॉर्कच्या रस्त्यांमधलं ‘गेट’

प्रश्न असा आहे: उत्तर इंग्लंडमधल्या यॉर्क शहरात कॉपरगेट, स्टोनगेट, मिकलगेट अशा नावांचे कितीतरी रस्ते आहेत. एवढ्या वेशी होत्या का त्या शहराला?

नव्हत्या. या नावांतलं ‘गेट’ म्हणजे दरवाजा नव्हेच. व्हायकिंगांच्या जुन्या नॉर्स भाषेत रस्त्याला ‘गाता’ म्हणत, त्याचं हे रूप. स्वीडिशमध्ये तो शब्द आजही रोजच्या वापरात आहे. मिकलगेट म्हणजे मोठा रस्ता. वेशीला यॉर्कमध्ये ‘बार’ म्हणतात, म्हणून त्या रस्त्यावरची वेस झाली ‘मिकलगेट बार’! लंडनच्या ऑल्डगेट, बिशप्सगेटला मात्र हा अर्थ लावू नये. तिथे खरोखरच वेशी होत्या.

माझं सर्वांत आवडतं नाव कॉपरगेट. ऐकताच तांबट आळी आठवते, पण तांब्याशी त्याचा संबंध नाही. ‘कोप्पारी’ म्हणजे लाकडी पेले-वाडगे करणारा, आपल्याकडचा कातारी. १९७६ ते १९८१ या काळात तिथे मोठं उत्खनन झालं, तेव्हा दहाव्या शतकातल्या घरांसोबत वाडगे कातताना उरलेले लाकडाचे गाभेही सापडले. रस्त्याच्या नावाला जमिनीतून इतका थेट पुरावा मिळणं फार दुर्मीळ.

आता हे शब्द इथे रुजले कसे? यॉर्क ज्यात होतं त्या नॉर्थम्ब्रिया राज्याचे ऑसबर्ट आणि एला हे दोन राजे गादीसाठी आपसांत लढत असताना ८६६ साली डेन, म्हणजे डेन्मार्ककडच्या व्हायकिंगांच्या, सैन्याने यॉर्क घेतलं. पुढच्या वर्षी दोघे एकत्र येऊन चालून गेले आणि दोघेही मारले गेले. पण नुसत्या लुटीने गल्लीबोळांची नावं बदलत नाहीत. माझ्या मते कळीचं वर्ष ८७६ आहे. त्या वर्षी डेनांचा म्होरक्या हाल्फडान याने नॉर्थम्ब्रियाची जमीन आपल्या माणसांत वाटली आणि ती माणसं नांगर धरू लागली, असं अँग्लो-सॅक्सन, म्हणजे व्हायकिंगांआधीपासून तिथे असलेल्या इंग्रज लोकांची, बखर सांगते. यॉर्कशायरमधली ‘-बी’ने संपणारी गावं याच वस्तीची खूण, ‘बी’ म्हणजे वाडी, गाव. व्हिटबीचं जुनं अँग्लो-सॅक्सन नाव तर पार मागे पडलं.

९५४ मध्ये यॉर्कचा शेवटचा व्हायकिंग राजा एरिक हाकलला गेला आणि राज्य इंग्लंडच्या राजाकडे गेलं. बोली मात्र लोकांच्या तोंडी राहिली. ‘गेट’वाली बरीचशी नावं कागदोपत्री दिसू लागतात ती १०६६ च्या नॉर्मन विजयानंतरच.