वाचकांचे प्रश्न : जर्मनीत नवी गाडी घेताना

जर्मनीत राहणाऱ्या वाचकांची गाडी खरेदीबद्दलची काही पत्रं या अंकासाठी निवडली आहेत. बहुतेकांनी मॉडेल आणि सवलत यांबद्दल विचारलं आहे. पण परक्या देशाच्या नागरिकाचं घोडं तिथे अडत नाही, ते कागदांच्या क्रमात अडतं. म्हणून उत्तरांत भर त्यावरच दिला आहे.

प्रश्न : चार महिन्यांपूर्वी ब्लू कार्डवर (उच्चशिक्षित परदेशी नोकरदारांना मिळणारा राहण्याचा परवाना) म्युनिकला आलो. एक गाडी पसंत पडली आहे, आठ आठवड्यांत मिळेल असं शोरूमवाले म्हणतात. माझ्याकडे महाराष्ट्राचं लायसन्स आहे. सही करू का? – एक वाचक, म्युनिक

आज करू नका. भारतीय लायसन्सवर जर्मनीत गाडी चालवता येते ती तिथे वास्तव्य सुरू झाल्यापासून फक्त ६ महिने. वर्षभराच्या आतच परत जाणार आहोत असं सिद्ध केलं, तरच ही मुदत १२ महिन्यांपर्यंत वाढते. तुमचे चार महिने संपले आहेत. म्हणजे गाडी दारात येईल त्याच सुमारास तुमचं लायसन्स तिथे निरुपयोगी होईल. गाडी स्वतःच्या नावावर करायला लायसन्स लागत नाही, त्यामुळे शोरूममध्ये हे कुणी विचारतही नाही. मुदतीनंतर चालवलीत तर तो नुसता दंडाचा मामला नाही, फौजदारी गुन्हा आहे. त्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा दंड अशी तरतूद आहे. अपघात झाला तर विमा कंपनी समोरच्याची भरपाई देते, पण तुमच्याकडून ५,००० युरोंपर्यंत वसूल करू शकते.

काही देशांची लायसन्सं जर्मनीत परीक्षेशिवाय बदलून मिळतात. भारत त्या यादीत नाही, त्यामुळे लेखी आणि प्रत्यक्ष अशा दोन्ही परीक्षा द्याव्या लागतात. मात्र नवशिक्यांवर असलेली ठरावीक तासांची सक्ती तुम्हाला लागू नाही, आणि त्या तासांतही बरेच पैसे जात असतात. तरी प्रत्यक्ष परीक्षा ड्रायव्हिंग स्कूलच्या गाडीत, शिक्षक शेजारी बसवूनच होते, म्हणून स्कूल गाठावंच लागतं. अर्जासोबत भारतीय लायसन्स आणि त्याचं जर्मन भाषांतर, डोळ्यांची तपासणी, प्रथमोपचार वर्गाचं प्रमाणपत्र (४५ मिनिटांचे ९ तास, एका दिवसात उरकतात) आणि बायोमेट्रिक फोटो द्या. लेखी परीक्षा इंग्रजीतून देता येते. अर्ज मंजूर होण्यातच कित्येक आठवडे जातात, म्हणून तो आजच टाका.

अनुभवी चालक प्रत्यक्ष परीक्षेत कशामुळे नापास होतात हेही सांगायला हवं. उजवीकडे वळताना सायकलवाल्यासाठी मान वळवून खांद्यावरून मागे न पाहणं आणि खुणा नसलेल्या चौकात उजवीकडून येणाऱ्याला आधी जाऊ न देणं, ही दोन मोठी कारणं. आपल्याकडची आरशावर विसंबायची सवय तिथे नडते. स्कूलमध्ये पाच-सहा तास खास यासाठी घ्या. आणि फक्त ऑटोमॅटिक गाडीवर शिकून परीक्षा दिलीत तर लायसन्सवर ७८ हा आकडा पडतो आणि गिअरची गाडी चालवता येत नाही. तेव्हा गाडी कोणती घ्यायची याचा निर्णय परीक्षेच्या आधी हवा.

प्रश्न : मला हवी तीच गाडी, शून्य किलोमीटर, पण "टागेसत्सुलासुंग" म्हणून ४,००० युरोंनी स्वस्त मिळते आहे. यात फसवणूक आहे का? – एक वाचक, श्टुटगार्ट

फसवणूक नाही. विक्रीचा आकडा गाठण्यासाठी डीलर गाडी एका दिवसापुरती स्वतःच्या नावावर नोंदवतो आणि मग सवलतीत विकतो. गाडी चाललेली नसते, पण मालकीच्या कागदावर (जुन्या लोकांच्या तोंडी "ब्रीफ") तुम्ही दुसरे मालक ठरता. कंपनीची वॉरंटी त्या पहिल्या नोंदणीपासूनच मोजली जाते. ती नोंदणी आठ महिन्यांपूर्वीची असेल तर वॉरंटीचे आठ महिने गेले, एवढा हिशेब करून सवलत तोला. विमा कंपनीलाही आधी विचारा, कारण "नव्या किमतीची भरपाई" हे कलम काही ठिकाणी फक्त पहिल्या मालकाला मिळतं.

गाडी "फाब्रिकनॉय", म्हणजे कोरी म्हणून विकली जात असेल तर तिथल्या न्यायालयांचा निकष स्पष्ट आहे. उत्पादन आणि करार यांत १२ महिन्यांपेक्षा जास्त अंतर नको, तेच मॉडेल न बदलता अजून निघत असलं पाहिजे आणि उभं राहून काही खराब झालेलं नको. उत्पादनाची तारीख करारात लिहून घ्या. टायरच्या बाजूवर लंबगोलात चार आकडे असतात. ३५२४ म्हणजे २०२४ सालचा ३५वा आठवडा. गाडी टायरपेक्षा जुनी असणं सहसा शक्य नसतं, त्यामुळे अंदाज तिथेच येतो.

किमतीत "युबरफ्युरुंग", म्हणजे कारखान्यातून गाडी आणायचा खर्च, धरला आहे का तेही पाहा. जाहिरातीतल्या आकड्यात तो नसला तर हजारभर युरो वाढतात.

सही कशावर करता ते नीट समजून घ्या. "फरबिंडलिशे बेश्टेलुंग" ही तुमच्याकडून बांधील मागणी असते. नेहमीच्या छापील अटींप्रमाणे, गाडी मागवायची असेल तर तुम्ही ३ आठवडे बांधलेले राहता आणि डीलरने लेखी होकार दिला की करार पक्का. शोरूममध्ये बसून केलेल्या खरेदीला १४ दिवसांत परत फिरायचा हक्क नाही. तो हक्क ऑनलाइन खरेदीला आहे, आणि डीलरमार्फत कर्ज घेतलं असेल तर कर्ज रद्द करून खरेदीही रद्द होते. तयार गाडी घ्यायला नकार दिलात तर या अटींत किमतीच्या १५ टक्के भरपाई लिहिलेली असते. तारीख "उनफरबिंडलिश", म्हणजे बंधनकारक नसलेली, लिहिली असेल तर ती उलटून ६ आठवडे गेल्यावरच डीलरला लेखी तगादा लावता येतो.

प्रश्न : पगार चांगला असूनही कर्ज नाकारलं. काय चुकलं? – एक वाचक, फ्रँकफर्ट

बहुधा तीन गोष्टी आड आल्या असतील. नोकरीचे पहिले सहा महिने (प्रोबेत्साइट) संपलेले नसणं, शूफा या पत नोंदवणाऱ्या संस्थेकडे तुमचा काहीच इतिहास नसणं, आणि राहण्याचा परवाना हप्त्यांच्या मुदतीआधी संपणं. तिसरी गोष्ट सगळ्यांत जास्त अडवते आणि तिच्याकडेच कुणी पाहत नाही. परवाना २६ महिन्यांचा उरला असेल तर ४८ महिन्यांचं कर्ज मागू नका. २४ महिन्यांचं मागा किंवा आधी परवाना वाढवा. ब्लू कार्डवाल्यांना २७ महिन्यांनी, आणि बी-१ पातळीचं जर्मन येत असेल तर २१ महिन्यांनी, कायमचा परवाना मिळू शकतो. तो हातात पडल्यावर बँकेचा सूर बदलतो. चार बँकांकडे चौकशी करताना "कोंडित्सिओन्सआनफ्रागे", म्हणजे फक्त दराची विचारणा, असं सांगा. "क्रेडिटआनफ्रागे" अशी नोंद वारंवार पडली तर पत खाली जाते.

शेवटी मोठी रक्कम ठेवणारं कर्ज परदेशी माणसाने जपून घ्यावं, कारण हप्ता लहान दिसतो, पण परत जायची वेळ आली की तीच रक्कम समोर उभी राहते. साधं कर्ज मुदतीआधी फेडता येतं, त्यासाठीची भरपाई फेडलेल्या रकमेच्या १ टक्क्यापेक्षा जास्त आकारता येत नाही, शेवटच्या वर्षात तर अर्धा टक्का. लीजमध्ये अशी सुटका नाही. तीन वर्षं राहूच अशी खात्री नसेल तर लीज घेऊ नये, असं आमचं ठाम मत आहे.

प्रश्न : शोरूमवाले नोंदणीचे १८० युरो मागतात. स्वतः केली तर? आणि वर्षाचा वाहनकर किती पडेल? – एक वाचक, हांबुर्ग

अर्ध्यापेक्षा कमी पैशांत होते, पण कागद चोख हवेत. नोंदणी कार्यालयात (त्सुलासुंगश्टेल) आधी ऑनलाइन वेळ घ्या. सोबत हे न्या : पासपोर्ट, राहण्याचा परवाना आणि अलीकडचा मेल्डेबेशाइनिगुंग (पत्त्याच्या नोंदीचा दाखला), कारण आपल्या पासपोर्टवर तिथला पत्ता नसतो. ब्रीफ आणि गाडीचं सीओसी (ती युरोपीय मानकांप्रमाणे असल्याचा दाखला) डीलरकडून घ्या. बँकेचं कर्ज असेल तर ब्रीफ बँकेकडे असतो. तो कार्यालयात कधी पोचेल हे आधी ठरवा, नाहीतर घेतलेली वेळ वाया जाते. ईव्हीबी हा विमा असल्याच्या पुराव्याचा सात अक्षर-आकड्यांचा क्रमांक विमा कंपनी ईमेलवर देते. शिवाय वाहनकर थेट खात्यातून कापून घेण्याचा फॉर्म आयबॅनसह (बँक खात्याचा क्रमांक) भरून न्या. तो नसेल तर गाडी नोंदत नाहीत.

मराठी माणसांचं काम हटकून अडतं ते नावावर. पासपोर्टमध्ये स्वतःचं आणि वडिलांचं किंवा नवऱ्याचं नाव मिळून "गिव्हन नेम" होतं, तर विमा घेताना आपण फक्त स्वतःचं नाव आणि आडनाव टाकतो. मग खिडकीवरच्या संगणकात ईव्हीबीवरचं नाव आणि मालकाचं नाव जुळत नाही. विम्याच्या अर्जात पासपोर्टवरचं नाव अक्षरशः, त्याच क्रमाने टाका. मेल्डेबेशाइनिगुंगवरही तसंच आहे ना ते पाहा. तिथे चूक असेल तर आधी ती दुरुस्त करा.

हव्या त्या नंबरसाठी १०.२० युरो, तो आधी राखून ठेवला तर आणखी २.६०. खिडकीवर नंबर मिळाला की पाट्या बाहेरच्या दुकानात ठोकून घ्यायच्या. पत्र्यावर अक्षरं उठवून त्यांवर गरम पट्टीने काळा रंग चढवतात, त्यामुळे पाटी हातात येते तेव्हा कोमट असते. ती घेऊन परत खिडकीवर गेलात की गोल सरकारी शिक्का चिकटवतात. तो शिक्का लागल्यावर गाडी रस्त्यावर आणता येते. कार्यालयासमोरच्या पहिल्याच दुकानात शिरू नका, दोन गल्ल्या पलीकडे तीच जोडी निम्म्या भावात मिळू शकते. राहण्याच्या परवान्याच्या कार्डावर ऑनलाइन ओळख सुरू असेल तर हे सगळं घरबसल्याही होतं. तेव्हा तात्पुरता कागद छापून गाडीत ठेवायचा, त्यावर १० दिवस बिनशिक्क्याच्या पाट्यांवर जर्मनीत चालवता येते आणि शिक्के टपालाने येतात.

कर किती, हेही तुम्ही विचारलं आहे. ९९९ सीसी पेट्रोल आणि १२० ग्रॅम कार्बन डायऑक्साइड असेल तर : दर १०० सीसीला २ युरो म्हणजे २०, ९५ ते ११५ ग्रॅमच्या टप्प्यातले २० ग्रॅम दोन युरोंनी ४०, पुढचे ५ ग्रॅम २.२० ने ११. वर्षाला ७१ युरो.

ताबा घेताना चॅसी नंबर ब्रीफशी ताडून पाहा, दोन्ही किल्ल्या चालवून बघा, उजेडात रंग तपासा आणि ओरखडा दिसला तर ताब्याच्या कागदावर लिहूनच सही करा. धोक्याचा त्रिकोण, प्रथमोपचार पेटी आणि चमकतं जाकीट कायद्याने हवं. गाडी बहुधा उन्हाळी टायरवर येते. बर्फ किंवा निसरड्या रस्त्यावर डोंगर आणि हिमकणाची खूण असलेलेच टायर लागतात, नाहीतर किमान ६० युरो दंड आणि वाहतूक गुन्ह्यांच्या नोंदीत एक पॉइंट. टायरचा दुसरा संच कराराच्या वेळीच घासाघीस करून मागा. एकदा सही झाली की डीलर त्यावर काही सोडत नाही.

प्रश्न : भारतातला ५० टक्के नो क्लेम बोनस तिथे चालतो का? – एक वाचक, बर्लिन

सहसा नाही. आपला बोनस स्वतःच्या गाडीच्या नुकसानीवर असतो, थर्ड पार्टीवर नसतो. जर्मनीत मात्र विनादाव्याच्या वर्षांची पायरी सक्तीच्या विम्यालाही लागते. युरोपबाहेरचा इतिहास बऱ्याच कंपन्या मोजत नाहीत. तरी जुन्या कंपनीकडून लेटरहेडवर इंग्रजीत पॉलिसी क्रमांक, कालावधी आणि विनादाव्याची वर्षं लिहून आणा, आणि विमा घेण्याआधी लेखी उत्तर मिळवा.

नव्या गाडीला फॉलकास्को, म्हणजे पूर्ण विमा, घ्याच, आणि नव्या किमतीची भरपाई किमान २४ महिने असू द्या. आणखी एक कलम बघा : मार्डर. मुंगसाएवढा हा प्राणी रात्री बॉनेटखाली शिरून वायरी आणि पाण्याच्या नळ्या कुरतडतो. नळी स्वस्त असते, पण ती फुटून इंजिन तापलं तर खर्च हजारांत जातो. त्या "पुढच्या नुकसानी"चीही भरपाई हवी, नुसत्या चाव्याची नको.

प्रश्न : पोलंडमध्ये तीच गाडी बरीच स्वस्त आहे. – एक वाचक, ड्रेस्डेन

गाडी ६ महिन्यांच्या आतली किंवा ६,००० किलोमीटरपेक्षा कमी चाललेली असेल तर जर्मनीच्या दृष्टीने ती नवी. मग १९ टक्के विक्रीकर तुम्ही स्वतः १० दिवसांत जर्मन कर कार्यालयात भरायचा असतो. म्हणून पोलंडमध्ये करविरहित किमतीत करार करा. तिथला कर भरून बसलात तर जर्मनीतलाही भरावा लागतो आणि स्वस्ताई उलटते.

प्रश्न : सुट्टीत बाबा येणार आहेत. त्यांनी चालवली तर? – एक वाचक, कोलोन

पाहुणे म्हणून आलेल्यांना भारतीय लायसन्स चालतं, सोबत त्याचं जर्मन भाषांतर ठेवा. मात्र विम्यात चालक म्हणून फक्त तुमचं आणि पत्नीचं नाव असेल तर आधी कंपनीला कळवा. थोड्या दिवसांसाठी नाव वाढवून मिळतं.

प्रश्न : मुलगा तीन वर्षांनी परतणार आहे. तिथली गाडी सोबत आणता येईल का? – एक वाचक, पुणे

नाही. जर्मनीतली गाडी डाव्या स्टिअरिंगची असते आणि भारतात आयातीला उजवंच लागतं. शिवाय घरसामानाच्या सवलतीत मोटार बसत नाही. गाडी तिथेच विकावी. पहिली सरकारी तपासणी तिसऱ्या वर्षाच्या शेवटी येते, ती करून घेऊन विकली तर भाव बरा येतो. विकण्याआधी नोंदणी रद्द केली की विमा आणि कर त्या दिवसापासून थांबतात आणि उरलेले पैसे खात्यात परत येतात. त्यासाठी जर्मन बँकेतलं खातं परत आल्यावरही दोन-तीन महिने चालू ठेवायला सांगा.