स्प्रिंग बसतेय म्हणून मटेरियल बदलू नका, आधी वायर बघा

दादा, नाशिकच्या अंबडमधल्या फिक्स्चरमधली इजेक्टरची (पार्ट बाहेर ढकलणारी) स्प्रिंग बसली, म्हणजे दबून कायमची आखूड होऊन 60 मिमीची 56 झाली, आता ईएन 47 ची (क्रोम-व्हॅनेडियम स्प्रिंग स्टील) करू की स्टेनलेसची, असं तुम्ही विचारलंय. माझं मत, दोन्ही नको. वायर 2 मिमी, ओडी (बाहेरचा व्यास) 16, चालू वेढे (प्रत्यक्ष दबणारे) 8 आणि दाबून 30 मिमी लांबीवर नेता, एवढं दिलंय ना, मग हिशोबच करू.

स्प्रिंगचा कडकपणा वायरच्या ताकदीवर नसतो, तो जी मॉड्युलसवर (पिळाला धातू किती विरोध करतो त्याचा आकडा) असतो, आणि पियानो वायर (ओढून कडक केलेली कार्बन स्टील वायर) घ्या नाहीतर ईएन 47, जी साधारण 79-80 हजार एमपीएच. म्हणजे महाग वायर घालून स्प्रिंग कडक होत नाही. स्टेनलेस 302 ला तर जी 70 हजाराच्या आसपास, म्हणजे त्याच मापात स्प्रिंग उलट नरम होणार. शिवाय 2 मिमीसारख्या बारीक साइजला ओढलेली पियानो वायरच सगळ्यात ताकदीची, टेन्साइल (ओढून तुटण्याआधीची ताकद) 2000 एमपीएच्या आसपास.

आता तुमची स्प्रिंग. मीन डाय (वेढ्याचा मधला व्यास, ओडी वजा वायर) 14, कडकपणा मिलिमीटरला 7.2 न्यूटन, 30 मिमी दाबल्यावर 216 न्यूटन म्हणजे 22 किलो. वाल फॅक्टर (वेढ्याच्या वाकामुळे वाढणाऱ्या स्ट्रेसची दुरुस्ती) लावून स्ट्रेस निघतो 1170 एमपीए, टेन्साइलच्या 58-59 टक्के. प्रीसेट (मुद्दाम लांब गुंडाळून, पूर्ण दाबून आधीच बसवलेली) न केलेल्या स्प्रिंगला मी 45-50 टक्क्यांच्या वर जात नाही, मग ती बसणार नाही तर काय. आणि ही पियानो वायर धरून बोलतोय, हार्डवेअरच्या दुकानातली तयार स्प्रिंग कुठल्या वायरची आहे ते दुकानदारालाही माहीत नसतं.

नुसती वायर 2.2 केली आणि ओडी 16 च ठेवला तर? तेवढाच कडकपणा यायला 12 वेढे लागतात, वर दोन डेड (टोकाचे न दबणारे वेढे), मग सॉलिड हाइटच (सगळे वेढे एकमेकांना टेकल्यावरची लांबी) 31 च्या आसपास जाते आणि तुम्हाला तर 30 वर न्यायचंय. इथेच बरेच जण अडकतात. प्लेटला मटेरियल शिल्लक आहे म्हणालात ना, मग होल 19 करा आणि ओडी 18, वायर 2.2, चालू वेढे 8, दोन्ही एंड बंद आणि ग्राउंड (घासून सपाट). स्ट्रेस हजाराच्या आसपास येतो, जवळपास 50 टक्के, सॉलिड हाइट 22. होल 18 चंच ठेवू नका, दाबल्यावर ओडी थोडा वाढतो, स्प्रिंग घासत बसेल. जुन्या स्प्रिंगचे एकदोन वेढे कापून काम भागवायचा मोह होईल, पण तसं केलं की ती कडक होते आणि तेवढंच दाबलं तर स्ट्रेस अजून वाढतो.

वाइंडिंगवाल्याला आयएस 4454 (स्प्रिंग वायरचं भारतीय मानक) ची एसएच ग्रेड सांगा आणि गुंडाळल्यावर स्ट्रेस रिलीव्ह (गुंडाळताना आलेला ताण गरम करून काढणं) केलंय का ते विचारा, 230-250 डिग्रीला अर्धा तास पुरतो, पण घाईत हेच राहून जातं. थोडी लांब गुंडाळून तीनचार वेळा सॉलिड दाबून 60 वर आणून द्यायला सांगितलं तर उत्तमच.

कूलंटने गंजते म्हणून झिंक प्लेटिंग सांगणार असाल तर प्लेटिंगनंतर चार तासांच्या आत 190-200 डिग्रीला बेकिंग हवंच, नाहीतर हायड्रोजन शिरून एक दिवस मधूनच कट्कन तुटते. सातपूरला प्लेटिंगवाले भरपूर आहेत पण बेकिंग नीट करून देणारा शोधावा लागतो, त्यापेक्षा फॉस्फेटिंग आणि तेल, माझ्यामते तेवढ्यावर भागतं.