कॅथलिक समाजसेवा संस्थेच्या वार्तापत्रात ‘आपली माणसं’ची पानं कशी लिहावीत?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: एका कॅथलिक समाजसेवा संस्थेत तुम्ही नुकतेच रुजू झालात, तिथलं मासिक वार्तापत्र तुमच्या गळ्यात पडलं, त्यातली कर्मचारी आणि समुदायाच्या बातम्यांची ‘आपली माणसं’ ही दोन पानं कशी भरायची ते कळत नाही, आणि स्वतः ख्रिस्ती नसल्यामुळे कुठे काय चुकेल याची धास्ती आहे. जुन्या अंकांत वाढदिवस, धनादेश देताघेतानाचे फोटो आणि बिशपांचं स्वागत यापलीकडे काही सापडलं नाही, असंही तुम्ही लिहिलंय.

असं वार्तापत्र मी बरीच वर्षं काढलंय आणि मीही ख्रिस्ती नाही. माझं उत्तर असं की या पानांवर काम करणारा नावानिशी यावा, मदत घेणारा येऊ नये. बहुतेक संस्था नेमकं उलटं करतात. घर मिळालेल्या बाईचा मुलांसकट मोठा फोटो असतो, आणि ते घर मिळावं म्हणून घरमालकांशी आणि कचेऱ्यांशी महिनोन्महिने हुज्जत घालणाऱ्या केसवर्करचं, म्हणजे तिचं प्रकरण हाताळणाऱ्या समाजकार्यकर्त्याचं, नाव भिंग घेऊन शोधलं तरी सापडत नाही.

पहिल्याच बैठकीत कुणीतरी तुम्हाला मत्तयचं शुभवर्तमान ऐकवेल: दान करताना उजवा हात काय करतो ते डाव्या हाताला कळू नये (६:३). मग वार्तापत्र काढायचंच कशाला? पण त्याच डोंगरावरच्या प्रवचनात, एक अध्याय आधी, येशू असंही सांगतो की तुमची सत्कृत्यं लोकांना दिसू द्या, म्हणजे ते स्वर्गातल्या पित्याचा गौरव करतील (५:१६). या दोन वचनांवरून वाद घालणारे तुम्हाला भेटतील, आणि तो वाद रंगतोही. मी माझ्यापुरती वाट अशी काढली: पहिलं वचन दात्याच्या मिरवण्याबद्दल, दुसरं कामाबद्दल. म्हणून धनादेशाचे फोटो बंद केले. देणगीदारांची नावं वर्षातून एकदा, वर्णानुक्रमे, रकमेशिवाय. काही जण नाराज झाले. होऊ द्यावं.

आता कर्मचारी. ‘सेवाभावी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर पांढऱ्या कपड्यांतल्या सिस्टर येतात, आणि जुनी वार्तापत्रंही त्याच समजुतीवर चाललेली असतात. प्रत्यक्षात तुमच्या संस्थेत समाजकार्यकर्ते, समुपदेशक, परिचारिका, हिशेबनीस, वकील, ड्रायव्हर असे पगारी लोकच जास्त असतील, आणि त्यातले अनेक कॅथलिक नसतील. जर्मनीतली कारितास ही कॅथलिक समाजसेवा संघटना लोरेन्झ वेर्थमान या धर्मगुरूंनी १८९७ मध्ये उभी केली. आज तिच्या छत्राखाली सात लाखांच्या आसपास लोक नोकरी करतात. एवढ्या मोठ्या कामाची बातमी भक्तिभावाच्या भाषेत लिहून भागत नाही. पोप बेनेडिक्ट सोळावे यांनी २००५ च्या ‘देउस कारितास एस्त’ या परिपत्रकात गरजूंची सेवा करणाऱ्यांसाठी पहिली अट सांगितली आहे ती व्यावसायिक कौशल्याची. ते एकटं पुरत नाही, हृदयही घडावं लागतं, हे त्यांनी लगेच पुढे जोडलं, पण क्रम लक्षात ठेवा. ‘प्रेमळ’, ‘समर्पित’, ‘हसतमुख’ ही विशेषणं तुमच्या संगणकातून काही महिने हद्दपार केलीत तरी चालेल. त्याऐवजी माणसाला काय येतं ते लिहा.

उदाहरणार्थ, ‘आपल्या परिवारात नव्या सदस्येचं हार्दिक स्वागत’ यातून कुणालाच काही मिळत नाही. त्याऐवजी: समुपदेशन विभागात नव्या सहकारी आल्या आहेत, आधी त्या मरणासन्न रुग्णांच्या शुश्रूषाकेंद्रात काम करत होत्या, आई किंवा वडील गमावलेल्या मुलांचा गट त्या चालवणार आहेत, मुलाला तिथे पाठवायचं असेल तर आधी त्यांच्याशी बोलून घ्या. हे वाचून निवारा विभागातल्या माणसाला त्याच दिवशी उपयोग होतो. एकाच इमारतीत दत्तकविधान, निर्वासितांचं पुनर्वसन, वृद्धसेवा आणि अन्नवाटप चालतं, आणि एका मजल्यावरच्याला दुसऱ्या मजल्यावर काय चालतं याचा पत्ता नसतो. तुमची दोन पानं मुख्यतः या आजारावरचं औषध आहेत.

धर्मसंघातल्या, म्हणजे व्रतं घेऊन संघात राहणाऱ्या, लोकांबद्दल लिहिताना मात्र थोडा अभ्यास लागतो, आणि तुमची धास्ती बहुधा इथलीच आहे. सिस्टरांची बदली होते ती त्यांच्या धर्मसंघाच्या वरिष्ठांच्या निर्णयाने. ‘राजीनामा दिला’ किंवा ‘नोकरी सोडली’ असं छापलंत तर फोन येईल. रौप्य किंवा सुवर्ण महोत्सव असतो तो व्रतांचा, वयाचा नाही, आणि तो बहुधा पहिल्या व्रतांपासून मोजतात. कोणत्या तारखेपासून ते त्यांनाच विचारा. धर्मसंघाचं नाव पूर्ण लिहा, कारण प्रत्येकाचे रिवाज वेगळे. विन्सेंट द पॉल आणि लुईज द मारियाक यांनी १६३३ मध्ये पॅरिसमध्ये सुरू केलेल्या ‘डॉटर्स ऑफ चॅरिटी’ संघाच्या भगिनी आपली व्रतं दरवर्षी नव्याने घेतात. त्यांच्यापैकी कुणाबद्दल ‘आजीवन व्रतं घेतली’ असं लिहिलंत तर ते चूक ठरेल. आणि डीकन हा चर्चमधला दीक्षा घेतलेला सेवक असतो, पण तो धर्मगुरू नव्हे. कायमस्वरूपी डीकन विवाहित असू शकतो, तेव्हा ‘डीकन आणि त्यांच्या पत्नी’ असा मजकूर आला तर दचकून खोडू नका.

याच लुईज द मारियाक यांना पोप जॉन तेविसावे यांनी १९६० मध्ये ख्रिस्ती समाजकार्यकर्त्यांच्या आश्रयदात्या संत म्हणून घोषित केलं. त्या विधवा होत्या, एका मुलाच्या आई होत्या, आणि हिशेब, नेमणुका, करार यांत पक्क्या होत्या. तुमच्या केसवर्करांना हे सहसा माहीत नसतं. एखाद्या अंकात चार ओळी टाका, आवडेल त्यांना.

अवघड भाग निरोपाचा. माणूस भांडून गेला, काढून टाकला गेला, थकून गेला, तरी वार्तापत्रात सगळेच ‘नव्या संधीच्या शोधात’ जातात. वाचणारे सहकारी खरं काय ते जाणून असतात, म्हणून त्या एका ओळीमुळे बाकीच्या अंकावरचाही त्यांचा विश्वास उडतो. कारण लिहिण्याचा तुम्हाला अधिकार नाही, पण खोटं कारण लिहिण्याची सक्तीही नाही. कधीपर्यंत काम केलं, काय उभं केलं आणि आता ते काम कोण बघतं, एवढंच लिहा. वरून ‘जरा गोड करा’ असा आग्रह झाला तर २०२२ ची आठवण करून द्यायला हरकत नाही. जगभरातल्या १६० हून अधिक कॅथलिक साहाय्य संस्थांचा महासंघ म्हणजे कारितास इंटरनॅशनालिस. पोप फ्रान्सिस यांनी त्या नोव्हेंबरात या महासंघाचं अख्खं नेतृत्व पदावरून दूर केलं आणि तात्पुरता प्रशासक नेमला. पैशाची अफरातफर किंवा लैंगिक गैरवर्तन आढळलं नाही, असं व्हॅटिकनने तेव्हाच सांगितलं होतं. ठपका होता तो व्यवस्थापनातल्या उणिवांवर, आणि त्यामुळे कर्मचाऱ्यांचं मनोधैर्य खचलं यावर. जगाला प्रेम वाटणाऱ्या संस्थेत आतली माणसं पिचलेली असू शकतात, हे खुद्द रोमने जाहीरपणे कबूल केलंय. मग आपल्या दोन पानांनी सगळं आलबेल असल्याचं नाटक का करावं?

आजारपण, गरोदरपण, साखरपुडा, घरातला मृत्यू यांतलं काहीही त्या माणसाला विचारल्याशिवाय छापायचं नाही. ‘सगळ्यांना माहीतच आहे’ ही परवानगी नव्हे.

आता मदत घेणाऱ्यांकडे येते, कारण तुमच्यावर सगळ्यात जास्त दबाव इथेच येणार. निधी जमवणारा विभाग म्हणेल, चेहरा दाखवल्याशिवाय लोक पैसे देत नाहीत. त्यांची बाजू समजून घ्या, पण कर्मचारी आणि समुदायाच्या पानांवर तो नियम येऊ देऊ नका. फ्रेदेरिक ओझानाम याने आपल्या विसाव्या वाढदिवशी, २३ एप्रिल १८३३ रोजी, पॅरिसमध्ये काही सोबत्यांसह जो गट सुरू केला त्यातून पुढे सेंट विन्सेंट द पॉल सोसायटी झाली. तिचे सदस्य आजही शक्यतो दोघादोघांनी गरजूंच्या घरी जातात, आणि घरात जे कळलं ते बाहेर बोलत नाहीत. तुमच्या संस्थेची समाजकार्यकर्ती तिच्या पेशाच्या नीतीनियमांमुळे याच गुप्ततेला बांधलेली असते. वार्तापत्र या बंधनातून आपोआप सुटत नाही.

संमतीपत्रावर सही आहे, असं तुम्हाला सांगितलं जाईल. सही कुणी घेतली आणि कधी घेतली, ते विचारा. ज्या टेबलावर अन्नाची पिशवी मिळते त्याच टेबलावर, पिशवी हातात पडण्याआधी घेतलेली सही ही संमती नव्हे. त्या क्षणी ‘नाही’ म्हणायची हिंमत कुणाला होईल? एखाद्याला आपली गोष्ट खरोखर सांगायची असते, असेही लोक असतात आणि त्यांना गप्प बसवणं हाही अपमानच. अशा वेळी विचारणारी व्यक्ती त्यांची केसवर्कर नसावी, काम पूर्ण होऊन थोडे दिवस गेलेले असावेत, छापण्याआधी मजकूर त्यांना वाचून दाखवावा, आणि पुढे कधीही ‘काढून टाका’ म्हणता येईल हे स्पष्ट सांगावं. कागदावर छापलेलं काढता येत नाही, तेही सांगावं. लहान मुलांच्या बाबतीत पालकाची संमती असली तरी मी चेहरा छापत नाही. ते मूल मोठं होऊन शोधेल तेव्हा त्याला काय सापडेल, हा विचार पालकाच्या डोक्यात त्या घडीला नसतो.

नाव बदललं की झालं, असंही नाही. गणवेश, मागची पाटी, बसचा क्रमांक, गोंदण, दुर्मीळ आजार, कोणत्या देशातून कोणत्या महिन्यात आले, यांवरून ओळख पटते. कौटुंबिक हिंसेतून सुटून आलेल्या बायकांचा निवारा असेल तर त्याच्या इमारतीचा कोपराही फोटोत नको. मोबाइलवर काढलेल्या फोटोत ठिकाणाची नोंद दडलेली असू शकते, ती पुसूनच फाइल पुढे पाठवा. हे अतिकाळजीपणाचं वाटेल, पण शोधणारा नवरा आपल्यापेक्षा बारकाईने बघतो.

समुदायाच्या बातम्यांचं बोलायचं तर ‘कार्यक्रम उत्साहात पार पडला’ हे वाक्य एकदाही न वापरता अंक काढून बघा. लोकांना पुढचं हवं असतं: अन्नवाटपाच्या वेळा बदलल्या का, नोंदणीला कोणते कागद लागतात, कोणते लागत नाहीत, कोणत्या भाषेत दुभाष्या मिळेल, दानात सध्या काय नको आहे. शेवटचं जरूर लिहा, नाहीतर जुन्या कपड्यांच्या ढिगाखाली तुमचे स्वयंसेवक गाडले जातील. वर्षाचे काही दिवस ठरलेले आहेत: ख्रिसमसआधीचा आगमनकाळ, ईस्टरआधीचा उपवासकाळ, आणि पोप फ्रान्सिस यांनी २०१७ पासून सुरू केलेला, नोव्हेंबरात येणारा गरिबांचा जागतिक दिन. या दिवसांत स्वयंसेवक भरभरून येतात आणि नंतर ओसरतात, म्हणून आवाहन आधीच्या अंकात आणि ‘नंतरच्या महिन्यात या’ अशा शब्दांत करा.

धार्मिक भाषेबद्दल तुम्ही खास विचारलंय. बेनेडिक्ट यांच्या त्याच परिपत्रकात म्हटलंय की साहाय्य हे धर्मांतराचं साधन होता कामा नये. कधी देवाबद्दल बोलावं आणि कधी गप्प राहून फक्त प्रेमाने काम करावं, हे ख्रिस्ती माणसाला कळायला हवं. तुम्हाला याहून चांगली संपादकीय सूचना मिळणार नाही. मिस्साची वेळ, एखाद्या सिस्टरचं मनोगत, प्रार्थनेचं आवाहन हे त्यांच्या शब्दांत जसंच्या तसं येऊ द्या, त्याला सर्वधर्मसमभावाचा रंधा मारू नका. बाकी बातमीत देव घुसडू नका. ‘फादर’, ‘मॉन्सिन्योर’, ‘बिशप’, ‘आर्चबिशप’ ही संबोधनं मात्र प्रत्येक वेळी धर्मप्रांताच्या कार्यालयातून तपासून घ्या, कारण बढत्या होतात. बिशपांच्या स्वागताचा फोटो टाळता येणार नाही. तो आत, लहान, आणि त्यात स्वयंपाकघरातली माणसं दिसत असतील तर उत्तम.

पहिल्या अंकासाठी एवढं करा: एक रात्रपाळी निवारा विभागात बसून काढा. तिथल्या रखवालदाराकडून, सफाई करणाऱ्यांकडून, पहाटे गाडी काढणाऱ्या ड्रायव्हरकडून काम समजून घ्या, आणि त्यांच्यातल्या एकावर, त्याला चालणार असेल तर, अर्धं पान लिहा. या लोकांकडे संस्थेचा ईमेल नसतो, म्हणून अंक नुसता ईमेलने पाठवून थांबू नका. थोड्या प्रती छापून त्यांच्या विश्रांतीच्या खोलीत स्वतः नेऊन ठेवा, आणि पुढच्या अंकात काय हवं ते तिथेच विचारून या.