‘तसाही मी जागाच असतो’

झोपेची तक्रार घेऊन येणारा माणूस खुर्चीत टेकता टेकता एकच विचारतो, ‘गोळी सुरू करू का?’ उत्तराची वाट न पाहता पुढचं विचारतो, ‘पण सवय लागेल ना?’ या दोन प्रश्नांच्या मध्ये महिनोन्‌महिने लोंबकळत राहिलेले एक गृहस्थ माझ्याकडे आले होते. त्यांची हकीकत त्यांच्या परवानगीने सांगते आहे. ओळख पटेल असं सगळं बदललं आहे.

त्यांना आपण अण्णा म्हणू. वय पंचावन्नच्या आसपास, सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कापडाच्या एका पेढीवर हिशेब लिहितात. मुलगा घेऊन आला होता, पण बोलले अण्णाच. ‘झोपच येईना की ओ मॅडम. दीड वर्ष झालं, रातभर नुसतं कूस बदलूलालो. दोन तास लागत असंल तर लागत असंल.’ मग त्यांनी केलेल्या उपायांची यादी सांगितली, आणि ती बरीच लांब होती. दुधात जायफळ. खसखशीची खीर. तळपायाला तेल लावून काशाच्या वाटीने घासणं. मोबाइलवर पावसाचा आवाज. उशीची दिशा बदलून पाहिली. संध्याकाळचं जेवण साडेसातला उरकून नऊला दिवे बंद, म्हणजे ‘झोपेला भरपूर वेळ मिळंल’. कुणी बोलायचं नाही, टीव्ही लावायचा नाही, मुलाने गाडी गल्लीच्या तोंडाशीच बंद करून ढकलत आणायची. घरातली चार माणसं अण्णांच्या झोपेसाठी दबकत चालत होती आणि अण्णा अंथरुणात डोळे मिटून त्यांच्या पावलांचा कानोसा घेत होते.

गोळीचं त्यांनी शेवटी सांगितलं, तेही मुलगा पाणी आणायला बाहेर गेल्यावर. वडील गेले तेव्हा डॉक्टरांनी थोड्या दिवसांपुरती झोपेची गोळी दिली होती. ते दिवस संपले, गोळी मात्र अधूनमधून चालूच राहिली. कधी अर्धी, कधी पाव, फारच वाईट रात्र असेल तर अख्खी.

अशा वेळी मी लगेच समुपदेशन सुरू करत नाही. आधी बाकीच्या गोष्टी पाहाव्या लागतात. घोरता का, घोरताना मध्येच श्वास अडकून दचकून उठता का, हे अण्णांना न विचारता त्यांच्या बायकोला विचारलं. श्वास अडकण्याचा आजार असेल तर दिवसा माणूस पेंगतो, रक्तदाब वाढतो, आणि अशा माणसाला झोपेची गोळी त्रासदायक ठरू शकते. पाय सारखे हलवावेसे वाटतात का, हेही विचारलं, कारण शरीरात लोह कमी असलं तरी तसं होतं. थायरॉइड, साखर, रात्री लघवीला उठणं, पहाटे तीन-चारला जाग येऊन मन एकदम काळवंडणं, जगणं नकोसं वाटणं, यातलं काही आहे का ते तपासलं. त्यांच्या नेहमीच्या डॉक्टरांनी तपासण्या केल्या. साखर काठावर होती, बाकी ठीक. गोळीबद्दल मी एकच सांगितलं: स्वतःच्या मनाने वाढवायची नाही आणि एकदम बंदही करायची नाही. एकदम सोडली की दोन-चार रात्री झोप आणखी उडते. माणसाला वाटतं, बघा, गोळीशिवाय आपलं होतच नाही. डॉक्टरांनी ती ठरवून, हळूहळू उतरवत नेली.

माझं काम वहीपासून सुरू झालं. अंथरुणावर कधी गेलो, अंदाजे कधी डोळा लागला, किती वेळा जाग आली, कधी उठलो, दुपारी किती झोपलो, एवढंच सकाळी उठून लिहायचं. घड्याळात बघून नाही, अंदाजाने. रात्रीचं घड्याळ तर मी भिंतीवरून उतरवायलाच सांगितलं. जन्मभर खातेवही लिहिलेल्या माणसाला हे काम आवडलं. दोन आठवड्यांनी त्यांनी रकाने आखलेली वही समोर ठेवली आणि स्वतःच म्हणाले, ‘मॅडम, हिशेब जुळंना. दोन तास म्हणत होतो, इथं तर साडेपाच निघूलालेत.’

यात खोटेपणा नसतो. अर्धवट झोपेतला वेळही जागेपणात धरला जातो, म्हणून निद्रानाश असलेले बरेच जण आपली झोप आहे त्याहून कमी मोजतात. पण वहीत त्याहून महत्त्वाचा आकडा दुसरा होता. रात्री नऊ ते सकाळी सात, म्हणजे अण्णा दहा तास अंथरुणात होते. झोप साडेपाच तास. उरलेले साडेचार तास ते छताकडे बघत, उद्याची काळजी करत, ‘आत्ता लागेल, आत्ता लागेल’ म्हणत पडून होते. वर दुपारी जेवायला घरी आले की तासभर आडवं होणं वेगळंच.

आर्थर स्पीलमन या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने १९८०च्या दशकात निद्रानाशाचे तीन धागे सांगितले. पहिला, मुळातला स्वभाव: काहींची झोप जात्याच हलकी असते. दुसरा, निमित्त: आजारपण, मृत्यू, नोकरी, लग्नकार्य. तिसरा म्हणजे निमित्त सरल्यावरही तक्रार टिकवून ठेवणाऱ्या सवयी. आठवड्यातून तीन किंवा जास्त रात्री आणि तीन महिन्यांच्या वर त्रास चालला की त्याला जुनाट निद्रानाश म्हणतात, आणि तोवर बहुतेक वेळा सगळा कारभार या तिसऱ्या धाग्याच्या हाती गेलेला असतो. अण्णांच्या बाबतीत तो धागा म्हणजे त्यांचे उपायच होते. लवकर पडणं, जास्त पडणं, झोपेची वाट बघणं.

निमित्ताची गोष्ट तिसऱ्या भेटीत निघाली. जाग बहुतेक रोज अडीचच्या सुमारास येते, असं वहीत दिसत होतं. अडीचलाच का, म्हणून विचारलं. अण्णा बराच वेळ गप्प राहिले. वडील अंथरुणाला खिळून होते तेव्हा रात्री अडीचला उठून त्यांची कूस बदलायची, पाणी पाजायचं हे काम अण्णांचं होतं. पाठीला जखमा होऊ नयेत म्हणून एकही रात्र चुकवली नव्हती. वडील गेले, अंग मात्र त्या वेळेला उठतच राहिलं. त्या दिवशी आम्ही झोपेबद्दल फारसं बोललो नाही. वडिलांबद्दल बोललो.

आणि मग पाणी. सोलापूरकरांना हे समजावून सांगायला नको. उजनीचं धरण भरलेलं असो की नसो, शहरात नळाला पाणी काही दिवसांच्या अंतराने येतं आणि कधी कधी अवेळी येतं. अण्णांच्या गल्लीत मध्यरात्रीनंतर यायचं. मोटर लावणं, टाकी भरणं, पिंप भरणं हे काम आपोआप अण्णांकडे आलं होतं. ‘तसाही मी जागाच असतो,’ असं ते म्हणाले होते आणि घराने ते मानून घेतलं होतं. मला हे वाक्य फार महत्त्वाचं वाटलं. जागरण आता नुसती तक्रार राहिली नव्हती, ती त्यांची ड्यूटी झाली होती. नळाचा खर्रकन आवाज ऐकण्यासाठी अर्धा कान जागा ठेवून झोपणाऱ्याला गाढ झोप कशी लागणार? मी मुलाला बोलावून सांगितलं, ‘पाण्याचं आजपासून तुझ्याकडे. अलार्म लाव, काय हवं ते कर.’ तो जरा नाराज झाला. त्याच्या आईला मात्र ते पटलं.

यानंतरचा उपाय ऐकून अण्णा अक्षरशः खुर्चीतून उठले. वहीप्रमाणे झोप साडेपाच तासांची, म्हणून अंथरुणातला वेळ सहा तासच. रात्री साडेअकराला पडायचं, सकाळी साडेपाचला उठायचं, झोप लागो न लागो, रविवार असो की पाडवा. दुपारी अजिबात नाही. ‘आधीच झोप नाही, त्यात तुम्ही आणखी कापूलालाव?’

हो, कापायचीच असते. जागेपणी मेंदूत ॲडेनोसिन नावाचं द्रव्य साठत जातं आणि झोपेचा दाब वाढतो. दुपारी तासभर झोपलात की तो दाब निम्म्यावर सोडून दिल्यासारखं होतं, आणि मग नऊला झोप येत नाही म्हणून कुरकुर. भूक नसताना पानावर बसण्यातलाच तो प्रकार. वेळ आखडला की झोप सलग होते, आणि ती सलग झाली की मग दर आठवड्याला पंधरा-वीस मिनिटं वाढवत न्यायची. अंथरुणातल्या वेळेपैकी ८५ टक्के वेळ झोप लागायला लागली की वाढवायची खूण समजतात. पाच तासांच्या खाली मात्र मी कुणालाच नेत नाही. आणि हा उपाय सगळ्यांसाठी नाही. फिट्स येणाऱ्यांना, मनाचे तीव्र चढउतार असणाऱ्यांना, रात्री ट्रक चालवणाऱ्यांना, यंत्रमागावर उभं राहणाऱ्यांना तो घरच्या घरी करू नये. पहिले काही दिवस दिवसा भयंकर पेंग येते. अण्णांनाही पहिले दोन आठवडे मुलाने गाडीवरून पेढीवर सोडावं, असं ठरलं.

जोडीला दुसरा नियम, रिचर्ड बूटझिन या मानसशास्त्रज्ञाने १९७२ साली मांडलेला. अंथरूण फक्त झोपेसाठी. पडल्यावर बराच वेळ झोप येईना तर उठायचं, दुसऱ्या खोलीत मंद उजेडात बसायचं, डोळे जड झाले की परत यायचं. पुन्हा नाही आली, पुन्हा उठायचं. कंटाळवाणं आहे खरं, पण तळमळण्याशी अंथरुणाची जी गाठ बसलेली असते ती अशीच सुटते. गोळीच्या आधी हे सगळं करून पाहावं, असं अमेरिकेतल्या फिजिशियन डॉक्टरांच्या संस्थेनेही २०१६ मध्ये सांगितलं आहे. आपल्याकडे मात्र माणूस आधी मेडिकलच्या दुकानात जातो.

खरी अडचण वेगळीच निघाली. नऊ ते साडेअकरा करायचं काय? दीड वर्ष हा माणूस नऊला दिवे बंद करत आला होता, संध्याकाळ म्हणून त्याच्याकडे काही उरलंच नव्हतं. मोबाइल नको म्हटलं. टीव्हीवरच्या चर्चा तर नकोच, त्या ऐकून मलाही झोप येत नाही. अण्णांच्या बायकोने, म्हणजे वहिनींनी, तोडगा काढला. शेंगाचटणीचं काम त्या घरून करतात. त्यांनी अण्णांपुढे सूप आणि शेंगांचं पोतं ठेवलं. अण्णा रोज रात्री शेंगा सोलत बसायला लागले, मुलगा येऊन बसायला लागला, घरात पुन्हा मोठ्याने बोलणं सुरू झालं.

पहिला आठवडा वाईट गेला. फोनवर म्हणाले, ‘डोकं फिरंल माझं.’ ही भीती पुष्कळांना असते: वेड लागेल, अटॅक येईल, उद्या कामात घोळ होईल. मी म्हटलं, तुमच्याच वह्या काढा. वाईट रात्रींनंतरच्या दिवशी हिशेबात किती चुका झाल्या, ते शोधा. त्यांनी खरंच शोधलं. एक बेरीज चुकलेली सापडली, आणि ती चांगल्या झोपेनंतरच्या दिवसाची होती. यावर ते मनापासून हसले. दुसऱ्या आठवड्यात अकरालाच शेंगा हातातून पडायला लागल्या आणि साडेअकरापर्यंत जागं राहणं हीच शिक्षा झाली.

घरगुती उपायांचं काय, हे लोक हमखास विचारतात. काशाची वाटी मी चालू ठेवली. बरं वाटतं, बायको दोन शब्द बोलते, एवढं पुरेसं आहे. फक्त वाटी फिरवून झाली की आता झोप आलीच पाहिजे, अशी परीक्षा घ्यायची नाही. जायफळ चिमूटभर ठीक. वहिनी वाढवत वाढवत अर्ध्या जायफळापर्यंत गेल्या होत्या. ते थांबवलं, जास्त जायफळ अंगावर उलटतं. ‘थोडी घेतली तर?’ असं एकदा अण्णांनी हळूच विचारलं. दारूने डोळा लवकर लागतो हे खरं, पण उत्तररात्री झोप फाटते, आणि गोळीबरोबर तर ती धोक्याचीच. पेढीवरचा संध्याकाळी सातचा चहा बंद केला. चहातल्या कॅफिनचा निम्मा भाग पाच-सहा तासांनीही अंगात असतो. दुपारी चारनंतर चहा नाही, यावर मालकही हळहळले म्हणे.

एप्रिल-मेचा प्रश्न राहिलाच. झोप लागताना शरीराचं आतलं तापमान थोडं उतरावं लागतं, आणि सोलापुरात पारा ४२-४३ च्या पुढे गेला की स्लॅब रात्री बारापर्यंत तापलेलाच असतो. टाकीतलं पाणीही कढत येतं. त्या दिवसांत अण्णा गच्चीवर संध्याकाळी पाणी शिंपडून तिथेच झोपले. वेळ तीच, साडेअकरा.

चार-पाच महिन्यांत गोळी सुटली. झोप साडेसहा तासांवर स्थिरावली. अडीचची जाग अधूनमधून येते, पण आता ते पाणी पिऊन परत पडतात. जानेवारीत गड्ड्याच्या यात्रेला पाहुणे आले, चार रात्री जागरणं झाली, आणि अण्णा घाबरून पुन्हा नऊला पडायला लागले. तेवढ्याने लगेच गाडी घसरली. फोन आला, वही पुन्हा काढायला लावली, दहा-बारा दिवसांत रुळावर आले.

ज्यांना तळमळीबरोबर जीव नकोसा वाटतो, त्यांनी वही-बिही करत बसू नये. सरकारची टेली-मानस ही मोफत सेवा १४४१६ या क्रमांकावर रात्रंदिवस चालू असते, तिथे बोलावं आणि मानसोपचारतज्ज्ञांना भेटावं.

शेवटच्या भेटीत अण्णांनी दुपारच्या झोपेची परवानगी मागितली. मी म्हटलं, वीस मिनिटं, तीनच्या आत. ते म्हणाले अर्धा तास. मी वीसच म्हटलं. ‘बरं, पंचवीसवर तोडा,’ म्हणाले आणि माझ्याकडचं पेन घेऊन वहीत लिहूनही टाकलं.