ओट्याशी उभं राहून खाल्लेला केक

पत्र :

ताई, मी ४६ वर्षांची आहे. दोन वर्षांपासून लघवीला लागली की थांबताच येत नाही. डॉक्टरांनी तपासण्या केल्या. इन्फेक्शन नाही, मधुमेह नाही, ‘ओव्हरॲक्टिव्ह ब्लॅडर’ आहे म्हणाले, म्हणजे मूत्राशय भरायच्या आधीच घाई करतं. एक तक्ता भरायला दिला होता, तो राहिलाच. सणाला आम्ही पंधरा माणसं जमतो. मोठ्या जाऊबाई हौसेनं सगळं करतात, फार प्रेमानं आग्रह करतात. मी ‘पोट बरं नाही’ म्हणून गोड टाळते आणि वाढायचं काम अंगावर घेते, म्हणजे मध्येच उठून गेलं तरी कळत नाही. पाणी सकाळपासून बेतानंच पिते. रात्री सगळे झोपले की ओट्याशी उभी राहून थोडंसं खाते, केकचा तुकडा, उरलेली कोल्ड कॉफी, तेवढंच. तरी रात्री चार-चारदा उठावं लागतं. मिस्टर समजूतदार आहेत, कधी काही विचारत नाहीत. सणात कोणते पदार्थ चालतील आणि कोणते नाही, याची यादी द्याल का?

उत्तर :

यादी देत नाही. आधी माझं ऐकून घ्या.

तुमच्या पत्रातल्या एका वाक्याशी मी अडखळले. ‘ओट्याशी उभी राहून थोडंसं खाते, तेवढंच.’ जाऊबाईंचा आग्रह, पाहुण्यांची गडबड याबद्दल तुम्ही सविस्तर लिहिलंत आणि हे मात्र जाता जाता उरकलंत. मला ती रात्र डोळ्यांसमोर दिसली. दिवा लावला तर कुणी जागं होईल म्हणून फ्रिजच्या उजेडात उभी असलेली बाई. बशीसुद्धा घेतलेली नाही, कारण ती घासावी लागेल. घास नीट चावूनही होत नाही. आणि हे ज्या घरात दुपारी पंधरा माणसं हसत-खेळत जेवली, त्याच घरात.

आता तुमचं मूत्राशय त्या दिवसाकडे कसं पाहतं ते सांगते. सकाळपासून तुम्ही पाणी तोडता. पाणी कमी पडलं की लघवी घट्ट, गडद होते, आणि घट्ट लघवी मूत्राशयाच्या आतल्या अस्तराला झोंबते. मोठ्या माणसाच्या मूत्राशयात साधारण ४०० ते ५०० मिलिलिटर मावतं, पहिली जाणीव १५० ते २०० च्या आसपास होते. तुमचं मूत्राशय आधीच उतावीळ, ते त्याच्याही आधी ओरडायला लागतं. शिवाय पाणी कमी म्हणजे पोट साफ होत नाही, आणि भरलेलं आतडं शेजारच्या मूत्राशयावर दाब देतं. म्हणजे लघवी कमी व्हावी म्हणून जे करता, त्यानंच ती जास्त वेळा लागते.

मग रात्री साडेअकराला दिवसभराची तहान आणि दिवसभराची इच्छा एकदम बाहेर पडते. कोल्ड कॉफी पोटात जाते. तिच्यातलं कॅफीन लघवी वाढवतं आणि मूत्राशयालाही डिवचतं. ते निम्मं उतरायला साधारण पाच तास लागतात, म्हणजे पहाटे साडेचारलाही निम्मं अंगात असतं. केक चॉकलेटचा असेल तर त्यातही थोडं कॅफीन आलंच. वर पाणी, तेही घटाघटा प्यायलेलं, हे मी न विचारताच ओळखते. चारदा उठावं लागणार नाही तर काय होणार?

तुम्हाला वाटतंय की तुम्ही मूत्राशय सांभाळताय. बाई, तुम्ही गुपित सांभाळताय. पाणी तोडणं, वाढायला उभं राहणं, पोटाची खोटी तक्रार, रात्रीचा ओटा, यातली एकही गोष्ट मूत्राशयाच्या भल्याची नाही. सगळी धडपड कुणाला कळू नये म्हणून आहे.

माझी आई प्रवासात पाणी प्यायची नाही. ग्लास हातात घ्यायची, ओठ ओले करायची आणि परत ठेवायची. आम्ही म्हणायचो, हिला तहानच कमी. ती गेल्यानंतर मावशीनं खरं कारण सांगितलं. तीस वर्षं आम्ही तिच्या शेजारी बसून प्रवास केला आणि आमच्यातल्या एकालाही ते माहीत नव्हतं. म्हणून मला तुमच्यासारख्या पत्रांचा राग येतो. तुमचा नाही, त्या लपवण्याचा.

जाऊबाईंच्या प्रेमाचं तुम्ही फार कौतुक केलंय. असेल प्रेम. पण दोन वर्षं प्रत्येक सणाला जी बाई सगळ्यांना वाढते आणि स्वतः बसत नाही, तिला हाताला धरून बसवावं हे त्या प्रेमाला सुचलेलं नाही. आणि मिस्टर कधी काही विचारत नाहीत याला मी समजूतदारपणा म्हणणार नाही. शेजारचं माणूस रात्रीतून चारदा उठतं तेव्हा ‘काय गं, काय होतंय?’ एवढं विचारायला हवं. त्यांनी विचारलं नाही, तर आता तुम्ही सांगा.

तर माझं एकच सांगणं. सणाच्या आदल्या दिवशी जाऊबाईंना फोन करा आणि म्हणा : ‘ताई, माझं मूत्राशय नाजूक झालंय. डॉक्टरांना दाखवलंय. जेवताना मला एक-दोनदा उठावं लागेल. या वेळी वाढायचं काम मला नको, कडेची खुर्ची द्या. आणि गोड मी खाणार आहे, पण एकच, आणि दुपारी.’ एवढंच. माफी मागायची नाही, ‘तुम्हाला त्रास नको’ वगैरे जोडायचं नाही. त्यांनी घरात आणखी कुणाला सांगितलं तर सांगू दे, तुमचे तेवढे फोन वाचले.

मग दुपारी बसायचं. बशी घ्यायची. सकाळपासून थोडं थोडं पाणी प्यायचं, दिवसभरात दीड ते दोन लिटर होईल असं, आणि झोपायच्या दोन-तीन तास आधी हात आखडता घ्यायचा. रात्री ओट्याशी जायचं नाही.

यादी का देत नाही तेही सांगते. कॉफी, चहा, चॉकलेट, संत्री-लिंबाची जात, टोमॅटो, फसफसणारी पेयं, दारू, फार तिखट, हे नेहमीचे संशयित आहेत. पण एकीला कॉफीचा घोट सोसत नाही आणि चॉकलेट पचतं, दुसरीचं नेमकं उलट. मी सगळ्यांवर काट मारली तर तुम्ही पुन्हा उपाशी बसाल आणि पुन्हा रात्री फ्रिज उघडाल. तुमचा गुन्हेगार तुम्हालाच शोधावा लागेल, आणि तो सणात शोधता येत नाही, कारण त्या दिवशी सगळे एकाच वेळी ताटात असतात. सण आटोपला की दोनेक आठवडे हे सगळं थांबवा. मग एकेक परत आणा, मध्ये दोन-तीन दिवस जाऊ द्या. डॉक्टरांचा तो तक्ता याच कामासाठी आहे. काय प्यायलं, किती, कधी गेले, किती घाई होती, एवढं तीन दिवस लिहिलं तरी चित्र दिसतं. आणि ‘शुगर-फ्री’ मिठाई किंवा सोड्याकडे सुरक्षित म्हणून वळू नका. त्यातली कृत्रिम गोडी काहींच्या मूत्राशयाला साखरेपेक्षा जास्त छळते.

या सणापुरतं मात्र एक धरा : दिवसाला एकच संशयित. चॉकलेट केक खायचा तर त्या दिवशी कॉफी नाही.

जेवताना घाईनं लागली तर पळू नका. पळालं की ओटीपोट हादरतं आणि घाई वाढते. बसल्या जागी स्थिर व्हा, लघवीची धार अडवतो तसे खालचे स्नायू पाच-सहा वेळा झटझट आवळा आणि सोडा, श्वास चालू ठेवा. लाट ओसरते. ओसरली की सावकाश उठून जा. आणि ‘असू दे, जाऊनच येते’ म्हणून अर्ध्या अर्ध्या तासाला जाणं सोडा. त्यानं मूत्राशयाला थोडक्यावरच ओरडायची सवय लागते. पुढे हे अंतर पंधरा-पंधरा मिनिटांनी वाढवत नेता येतं, निदान सहा आठवडे चिकाटीनं. त्यानंही भागलं नाही तर औषधं आहेत, डॉक्टरांकडे परत जायला लाजू नका. लघवीत रक्त दिसलं, जळजळ झाली, ताप आला किंवा कमरेच्या वर पाठीत दुखलं, तर सण चालू असला तरी त्याच दिवशी जा.

राहता राहिलं, दुपारी कोणता गोड पदार्थ घ्यायचा. रात्री फ्रिज उघडल्यावर तुमचा हात सगळ्यांत आधी ज्याच्याकडे जातो, तोच घ्या. जाऊबाईंना म्हणावं, मला याचा कडेचा तुकडा हवाय.