व्हीआयमध्ये कंट्रोल अक्षरं कशी टाकायची

व्हीआय या टेक्स्ट एडिटरमध्ये ^ आणि एम अशी दोन चिन्हं टाईप करून कॅरेज रिटर्न (ओळीच्या सुरुवातीला परत नेणारं कंट्रोल अक्षर, ^एम असं दिसणारं) मिळत नाही रे. पडद्यावर दोन दिसतात, पण आत ते एकच अक्षर असतं, क्रमांक 13. हिशेब सोपा आहे: मोठ्या एमचा आस्की क्रमांक (अक्षरांना क्रमांक देणाऱ्या पद्धतीतला) 77, त्यातून 64 वजा केले की 13. एस्केपचंही तसंच. उघडणारा चौकोनी कंस 91, म्हणून एस्केप 27, आणि तो ^[ असा दिसतो.

टाकायचं कसं? इन्सर्ट मोडमध्ये (मजकूर टाईप करायच्या स्थितीत) आधी कंट्रोल-व्ही दाब, मग हवी ती कळ. पुढच्या कळीचा नेहमीचा अर्थ सोडून ती जशीच्या तशी घ्यायची, एवढंच ते सांगतं. विममध्ये (व्हीआयच्या सुधारित रूपात) कंट्रोल-व्हीनंतर 027 असा तीन अंकी क्रमांकही चालतो. विंडोजवर कंट्रोल-व्हीने पेस्ट होत असेल, तर कंट्रोल-क्यू वापर. (काही टर्मिनल मात्र ते मधेच गिळतात.)

शोधून बदलतानाही कोलनच्या ओळीवर (कोलन दाबल्यावर खाली उघडते त्या आज्ञेच्या ओळीवर) हीच युक्ती चालते. पण विममध्ये एक खोच आहे. शोधायच्या भागात ^एम म्हणजे कॅरेज रिटर्न, तर बदलायच्या भागात त्याच खुणेने ओळ तुटते. नवखे हमखास इथेच अडकतात.

खरंच काय पडलंय ते बघायचं असेल, तर कर्सर अक्षरावर नेऊन नॉर्मल मोडमध्ये (आज्ञा द्यायच्या स्थितीत) जी आणि ए दाब. विम क्रमांक दाखवतो. मी तर डोळ्यांपेक्षा त्यावरच भरवसा ठेवतो.