बिल्ड नंबर टाकायचा कुणी?

प्रश्न: आमच्या भागातल्या दूध संकलन केंद्रांसाठी मी अँड्रॉइड अ‍ॅप करतो, मराठी आणि कन्नड दोन्हींत. नवा बिल्ड (तयार झालेली फाइल) चढवताना व्हर्जन कोड (आवृत्तीचा आकडा, दर वेळी मोठा लागतो) वाढवायचा राहतो आणि प्ले स्टोअर तो घेत नाही. मित्र म्हणाला, गिटमधले कमिट (कोडमधल्या बदलांच्या नोंदी) मोजून तोच आकडा दे. लॅपटॉपवर तो ४१२ येतो, गिटहब अ‍ॅक्शन्सवर, म्हणजे बिल्ड आपोआप करणाऱ्या सर्व्हरवर, मात्र कायम १. असं का?
– एक वाचक, निपाणी

उत्तर: मित्रानं अर्धंच सांगितलं बघा. अ‍ॅक्शन्सचं चेकआउट (कोड उतरवून घेण्याची पायरी) सगळा इतिहास उतरवत नाही, शेवटचा एकच कमिट घेतं. मग मोजल्यावर एकच भरणार. चेकआउटमध्ये ‘फेच-डेप्थ’ ० द्या, तिथंही ४१२ दिसेल.

पण मी असतो तर कमिट मोजत बसलो नसतो. दोन ब्रांचवर काम वेगळं असूनही संख्या तीच भरू शकते, आणि स्क्वॉश केलं (अनेक कमिटांचा एक केला) की ती मागंही येते. प्ले स्टोअरला मागचा आकडा चालत नाही. मी बेळगावच्या उद्यमबागेतल्या फाउंड्रीवाल्यांसाठी सॉफ्टवेअर लिहितो. तिथं कास्टिंगवर हीट नंबर असतो, म्हणजे ते भट्टीच्या कुठल्या वितळवणीतलं आहे त्याचा नंबर. पार्ट तोच, ड्रॉइंग तेच, पण गिऱ्हाइकानं माल परत पाठवला की तो कुठल्या हीटचा, हे त्या नंबरावरून काढतात. हा नंबर भट्टीवर पडतो, ड्रॉइंगच्या कागदावर नव्हे.

तसाच तुमचा नंबर बिल्ड सर्व्हरनं द्यावा. अ‍ॅक्शन्सचा रन नंबर (कितव्यांदा चाललं तो आकडा) घ्या आणि एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबलमधून ग्रेडलला (बिल्ड करणाऱ्या साधनाला) पोचवा. तो १ पासून सुरू होतो, म्हणून आजवर चढवलेल्या सर्वांत मोठ्या कोडाइतका आकडा त्यात मिळवा. नवीन वर्कफ्लो (बिल्डच्या पायऱ्यांची फाइल) केला तर मोजणी पुन्हा १ वर येते, तेव्हा ही बेरीज बदलावी लागेल. ‘री-रन’ दाबल्यावर मात्र नंबर तोच राहतो. पहिल्या वेळी अपलोड झालं असेल तर दुसरं नाकारलं जाईल.

वाढलेला नंबर फाइलीत लिहून परत कमिट करायची पद्धतही आहे. मला ती आवडत नाही. प्रत्येक मर्जला (दोन ब्रांच एकत्र करताना) त्याच ओळीवरून भांडण.

तारीख-वेळ वापरायचा मोह झाला तर प्ले स्टोअरची कमाल मर्यादा २१००००००००० नव्हे, २१०००००००० आहे, शून्यं मोजून घ्या. वर्षाचे दोनच आकडे घेऊन महिना, दिवस, तास, मिनिटं जोडली तर २०२१ पासूनची प्रत्येक तारीख तिच्या बाहेर जाते.

शेवटचं, तुमचं अ‍ॅप दोन भाषांत आहे म्हणून. लॉगिनच्या पडद्यावर खाली बिल्ड नंबर दाखवा. पहाटे केंद्रावरून ‘फॅट दिसत नाही’ म्हणून फोन आला की आधी तोच विचारा. फोन मराठीत असेल तर स्ट्रिंग फॉरमॅट आकडे देवनागरीत छापू शकतो, कन्नडमध्ये ते सहसा इंग्रजीच राहतात. मग लॉगमध्ये शोधताना एकच बिल्ड दोन तऱ्हांनी लिहिलेला सापडतो. तिथं ‘लोकेल रूट’ (कुठल्याच भाषेचं नसलेलं सेटिंग) द्या.